रूर खोऱ्यातील नगरांचा वसाहत-संघ : सीमा, जमीन आणि सहकार्य

इ. स. १९२० च्या वसंत ऋतूत प्रशिया राज्याने अवघ्या आठ दिवसांच्या अंतराने दोन अधिनियम केले. पहिला २७ एप्रिलचा. त्याने बर्लिन व तिच्या भोवतालची ७ नगरे, ५९ ग्रामीण वस्त्या आणि २७ जमीनदारी क्षेत्रे ह्यांचे स्वतंत्र अस्तित्व संपवून त्या सर्वांची मिळून एकच महानगरी निर्माण केली. दुसरा ५ मेचा. त्याने पश्चिमेकडील रूर कोळसा प्रदेशात एकाही नगराचे अस्तित्व न मिटविता त्या सर्वांवर एक संघ बसविला, आणि जमिनीच्या उपयोगासंबंधीचे नगरांचे काही निवडक अधिकार काढून त्या संघाच्या हाती दिले. ह्या संघाचे नाव ‘झीडलुंग्सफरबांट रूरकोलेनबेत्सिर्क’. मराठीत त्यास रूर वसाहत-संघ म्हणता येईल. एकाच विधिसभेने एकाच प्रकारच्या रोगावर एकाच महिन्याच्या आत असे दोन निरनिराळे उपाय का योजावेत, हा प्रश्न नगरांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास सहजच पडतो. त्याचे उत्तर बर्लिनपेक्षा रूरच्या पूर्वेतिहासात शोधावे लागते.

रूर प्रदेश म्हणजे ऱ्हाइन नदीच्या पूर्वेस, रूर, एमशेर व लिपे ह्या तीन नद्यांच्या आधाराने पसरलेला पट्टा. लंडन, पॅरिस किंवा बर्लिन ह्यांच्याप्रमाणे एका केंद्रापासून बाहेर वाढत गेलेले हे नगर नव्हे. येथे वस्ती कोठे व्हावी हे राजवाड्याने अगर बाजारपेठेने ठरविले नाही, ते खाणीच्या तोंडाने ठरविले. दक्षिणेस रूरच्या काठी कोळसा जमिनीच्या पृष्ठभागाजवळ होता. तो संपत गेला तसतशा खाणी अधिक खोल आणि अधिक उत्तरेकडे सरकल्या, आणि त्यांच्यामागोमाग लोखंडाचे कारखाने, रेल्वेचे फाटे व कामगारांच्या चाळी सरकल्या. डुइसबुर्ग, एसेन, डॉर्टमुंड ही जुनी नगरे होती, परंतु गेल्सेनकिर्खेन, ओबरहाउझेन ह्यांसारखी ठिकाणे जवळजवळ कोऱ्या जमिनीवर उभी राहिली. हांबोर्नची लोकसंख्या एक लाखावर गेली तरी कायद्याच्या दृष्टीने ते खेडेच होते. त्यास नगराचा दर्जा १९११ साली मिळाला. ह्या सर्व वस्त्या वाढत वाढत एकमेकींना भिडल्या. एका नगराच्या कारखान्याचा धूर दुसऱ्याच्या घरांवर आणि एकाचे सांडपाणी तिसऱ्याच्या शेतात, अशी स्थिती झाली. प्रशासनाच्या दृष्टीने पाहावे तर हा सलग प्रदेश ऱ्हाइनलंड आणि वेस्टफालिया ह्या दोन प्रांतांत, तसेच ड्यूसेलडॉर्फ, आर्न्सबेर्ग व म्युन्स्टर ह्या तीन विभागांत तुटलेला होता. ह्या तीन विभागांची नावे वाचकाने ध्यानात ठेवावीत. पाऊण शतकानंतरही ती पुन्हा पुढे येणार आहेत.

शेजारच्या नगरांतील कलहाचे मूळ मात्र धुरात किंवा पाण्यात नव्हते. ते करात होते. प्रशियात १८९० नंतरच्या दशकात जी करसुधारणा झाली तिने व्यवसाय-कर हे स्थानिक संस्थांचे उत्पन्न ठरविले. त्यामुळे ज्या नगराच्या हद्दीत कारखाना, त्याच्या तिजोरीत कर, आणि ज्या वस्तीत कामगार राहतो तिच्या माथी शाळा, रस्ते, रुग्णालय व गरिबांच्या साह्याचा खर्च, अशी विषम विभागणी झाली. कारखाना आपल्याकडे आणि चाळी शेजारी, हा प्रत्येक नगराच्या दृष्टीने आदर्श हिशेब होता. त्याचा व्यावहारिक परिणाम असा, की मोकळी जमीन ही प्रत्येक नगरास उद्याच्या कराची ठेव वाटू लागली, आणि शेजारचे खेडे गिळंकृत करणे म्हणजे ती ठेव हस्तगत करणे ठरले. हद्दवाढीच्या मागण्या, प्रतिमागण्या आणि त्यांवरील अर्जफाटे ह्यांनी त्या काळच्या नगरसभांचा बराच वेळ खाल्ला. ह्या प्रवृत्तीकडे केवळ लोभ म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. व्यवसाय-कराविना एखाद्या खाणवस्तीस शाळा चालविणेही अवघड होते.

अशा परस्परस्पर्धी नगरांनी एकत्र यावे ही गोष्ट प्रथम पाण्याने घडविली. एमशेर ही मंद उताराची, लहानशी नदी. तिच्या खोऱ्याखालील कोळसा काढला गेला तशी वरची जमीन खचली, नदीचा नैसर्गिक उतार मोडला, आणि खाणींचे उपसलेले पाणी, कारखान्यांचे मैलापाणी व लाखो माणसांची घाण ह्यांची डबकी वस्त्यांच्या मधोमध साचली. पटकी व विषमज्वर ह्यांच्या साथी वारंवार येऊ लागल्या. कोणत्याही एका नगराने आपल्यापुरता बंदोबस्त करून भागण्यासारखे नव्हते. वरच्या नगराने गटार चांगले बांधले तर खालच्या नगराची आपत्ती उलट वाढे. १४ डिसेंबर १८९९ रोजी बोखुम येथे संबंधित नगरे, ग्रामीण जिल्हे, खाणी आणि कारखाने ह्यांच्या प्रतिनिधींनी एमशेर सहकारी मंडळ स्थापन केले. १९०४ च्या खास कायद्याने त्यास सक्तीचे अधिष्ठान मिळाले. खोऱ्यात ज्याचे पाणी नदीत जाते तो सभासद असलाच पाहिजे, त्यास बाहेर पडता येणार नाही, आणि त्याची वर्गणी त्याने केलेल्या बिघाडाच्या व त्यास मिळणाऱ्या लाभाच्या प्रमाणात राहील, हे त्या कायद्याचे सार होय. ह्याच दरम्यान, १९०१ साली, गेल्सेनकिर्खेन येथे विषमज्वराची भयंकर साथ आली व तीन हजारांहून अधिक लोक आजारी पडले. रूर नदीचे न गाळलेले पाणी नळात मिसळले गेल्याचे चौकशीत आढळले. एमशेर आणि रूर ह्या दोन नद्यांच्या बाबतीत मग कामाची वाटणीच झाली. रूर पिण्याच्या पाण्यासाठी राखावयाची, आणि एमशेरचे गटार करावयाचे. १९१३ च्या कायद्याने रूरसाठीही असाच सक्तीचा संघ निर्माण झाला.

एमशेर मंडळाने नदी सरळ केली, तिचे पात्र खोल केले, तीस बांध घातले आणि पात्रास काँक्रीटचे अस्तर दिले. जमीन खचत असल्यामुळे भुयारी गटार टिकणे शक्य नव्हते, म्हणून नदीच उघडे गटार झाली. आरोग्याच्या दृष्टीने हे यश निर्विवाद होते. नदीच्या दृष्टीने तो मृत्युदंड होता, आणि जवळजवळ शंभर वर्षे त्या दुर्गंधीयुक्त काँक्रीटच्या पात्राकडे प्रदेशातील माणसांनी पाठ फिरविली. सहकार्याने केलेले प्रत्येक काम आपोआप हितकारक असते, असा समज असणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात घेण्याजोगे आहे. तथापि संस्थेच्या इतिहासात ह्या मंडळाचे महत्त्व मोठे. परस्परांवर अविश्वास असलेली नगरे एका मर्यादित विषयापुरती, कायद्याच्या सक्तीने आणि हिशेबाच्या आधारे एकत्र नांदू शकतात, हे तेथे प्रथमच सिद्ध झाले. वीस वर्षांनी जमिनीच्या बाबतीत हाच साचा हाताशी आला.

जमिनीचा विचार मांडणारा पुरुष म्हणजे रॉबर्ट श्मिट. १८६९ साली फ्रांकफुर्ट येथे जन्मलेला हा नगररचनाकार विसाव्या शतकाच्या आरंभी एसेन नगराच्या सेवेत आला आणि तेथील नगरविस्ताराचा कारभार पाहू लागला. १९१० साली बर्लिन व नंतर ड्यूसेलडॉर्फ येथे नगररचनेची मोठी प्रदर्शने भरली. त्यांच्या पाठोपाठ ड्यूसेलडॉर्फ विभागाच्या प्रशासनाने मोकळ्या हरित जमिनींचा विचार करण्यास एक समिती नेमली, आणि तिच्या कामातून श्मिटचे १९१२ चे निवेदन जन्मास आले. ऱ्हाइनच्या उजव्या तीरावरील ड्यूसेलडॉर्फ विभागासाठी एक सर्वसाधारण वसाहत-आराखडा कोणत्या तत्त्वांवर करावा, हा त्याचा विषय. नगरांच्या सीमा जणू नाहीतच असे गृहीत धरून, सगळ्या प्रदेशाकडे एकाच विस्तृत नगराचे अवयव म्हणून पाहावे, वसतीची, उद्योगाची, वाहतुकीची आणि मोकळ्या हवेची जमीन आधी वेगळी काढावी व मग बांधावे, असा त्याचा आग्रह होता. विशेष म्हणजे माणशी किती हरित जागा लागेल ह्याचा त्याने हिशेब मांडला. ‘नगराचे सौंदर्य’ ही त्या काळची लाडकी भाषा बाजूस ठेवून आकड्यांच्या भाषेत बोलणे, हे नगरसभांच्या दृष्टीने अधिक परिणामकारक होते. ह्या निवेदनात एक विसंगती मात्र राहून गेली. नगरांच्या सीमा ओलांडू पाहणारा हा आराखडा विभागाच्या सीमेपाशी येऊन थांबला. बोखुम आणि डॉर्टमुंड पलीकडच्या विभागात असल्यामुळे ते त्यात आले नाहीत. महायुद्धापूर्वी ह्या निवेदनातून प्रत्यक्ष फारसे काही निष्पन्न झाले नाही.

निष्पन्न झाले ते पराभवानंतर. व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर कोळशाचा मोठा पुरवठा करण्याचे बंधन आले. उत्पादन वाढवावयाचे तर सुमारे दीड लाख नवे खाणकामगार, म्हणजे कुटुंबे धरून सुमारे सहा लाख माणसे, ह्या आधीच दाटलेल्या प्रदेशात वसवावी लागतील असा अंदाज करण्यात आला. ती कोठे वसवावयाची? प्रत्येक नगराने आपापल्या मर्जीने चाळी उठविल्या असत्या तर खाणींमधली उरलीसुरली शेते व राने नाहीशी झाली असती. शिवाय ह्या कामगार-वसाहतींचा भार कोणी घ्यावयाचा हा जुनाच वाद दसपटीने उफाळला असता. काळही मोठा अस्थिर होता. मार्च १९२० मध्ये काप ह्याचा उठाव, त्यास उत्तर म्हणून सार्वत्रिक संप आणि रूरमधील कामगारांचे सशस्त्र बंड, व एप्रिलमध्ये सैन्याने केलेला त्याचा बीमोड, अशा घटना एकामागून एक घडत असताना एसेनचे महापौर हान्स लुथर, जे पुढे १९२५ साली जर्मनीचे चान्सेलर झाले, आणि रॉबर्ट श्मिट हे वसाहत-संघाच्या विधेयकाची जुळणी करीत होते. बंडाच्या धुराळ्यातून ५ मेचा कायदा बाहेर आला, हा योगायोग नव्हे. नगरांनी आपला अधिकार सोडण्यास अनुमती दिली ती राज्यसत्ता, खाणमालक आणि कामगार हे तिघेही त्या क्षणी एकाच गोष्टीसाठी, म्हणजे वसतीसाठी, अडून बसले होते म्हणून. शांततेच्या काळात १९१२ च्या निवेदनास जे साधले नाही ते संकटाने साधले.

बर्लिनचा उपाय येथे का लागू पडला नाही, हेही आता स्पष्ट होते. बर्लिनभोवती १९१२ पासून एक प्रयोजन-संघ होता. त्याने १९१५ साली राज्याकडून सुमारे १०,००० हेक्टर जंगल ५ कोटी मार्कांस घेऊन कायमचे राखले, हे त्याचे अमोल कार्य होय. पण कराची विषमता दूर करण्याचा अधिकार त्यास नव्हता, आणि एक प्रचंड केंद्र व त्याची श्रीमंत उपनगरे ह्यांच्यातील झगडा अखेर विलीनीकरणानेच संपला. रूरमध्ये गिळणारे एकच तोंड नव्हते. एसेनने डॉर्टमुंड गिळावे की डॉर्टमुंडने एसेन, हा प्रश्नच हास्यास्पद होता. तुल्यबळ नगरांच्या प्रदेशात संघ हाच काय तो मार्ग शिल्लक राहतो.

संघाची घटना पाहण्यासारखी आहे. सभेतील निम्मे प्रतिनिधी नगरे व ग्रामीण जिल्हे ह्यांचे, आणि उरलेले निम्मे मालक व कामगार ह्यांचे समसमान. ज्या काळात जर्मनीत सर्वत्र श्रम आणि भांडवल ह्यांच्या संयुक्त मंडळांची चर्चा चालू होती त्या काळाची ही छाप. प्रत्यक्ष कारभार संचालकाकडे. पहिला संचालक अर्थातच श्मिट. राज्यसत्तेच्या वतीने देखरेख ठेवण्यास संघ-अध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी एसेन येथे नेमलेला असे, आणि तीन विभागांच्या प्रशासनाकडे असलेले नगररचनाविषयक काही अधिकार ह्या प्रदेशापुरते त्याच्याकडे आले. अशा रीतीने प्रांत आणि विभाग ह्यांच्या जुन्या सीमा न बदलता निदान जमिनीच्या विषयात त्या ओलांडल्या गेल्या.

अधिकारांची व्याप्ती मात्र आश्चर्य वाटावे इतकी अरुंद होती. गावातील गल्ल्या, घरांची रचना, शाळांची जागा हे सर्व नगरांकडेच राहिले. संघाकडे आले ते एकाहून अधिक नगरांशी संबंध असलेले विषय. नगरांना जोडणारे हमरस्ते, रेल्वे व ट्रॅम ह्यांसाठी राखावयाच्या जमिनी, मोठी हरित क्षेत्रे, आणि नगरांचे आराखडे एकमेकांशी जुळतात की नाही हे पाहण्याचा हक्क. १८७५ च्या प्रशियन कायद्याने रस्ते व चौक ह्यांच्या सीमारेषा आखून त्यांत बांधकाम रोखण्याचा अधिकार नगरांना होताच. आता तोच अधिकार प्रादेशिक प्रमाणावर आणि हिरव्या जमिनीसाठी वापरला जाऊ लागला.

श्मिटने ह्या अरुंद अधिकाराचा उपयोग अत्यंत कौशल्याने केला. संघाने हरित क्षेत्रांची एक नोंदवही तयार केली. ज्या जमिनीची तीत नोंद झाली तिच्यावर संघाच्या संमतीवाचून बांधकाम होऊ शकत नसे. १९२२ च्या वृक्षरक्षणाच्या कायद्याने ह्या कामास आणखी आधार मिळाला. नोंद झालेल्या जमिनी बहुतेक कोठे होत्या? दोन नगरांच्या मधे. जेथे एकाची हद्द संपते आणि दुसऱ्याची सुरू होते अशा कडेच्या पट्ट्यांत कोणाचेच फारसे लक्ष नसे, आणि घाण टाकण्यास अगर राखेचे ढीग रचण्यास त्या जागा सोयीच्या वाटत. ह्याच उपेक्षित कडा एकत्र जोडून उत्तर-दक्षिण जाणारे हरितपट्टे संघाने आखले. डुइसबुर्ग व ओबरहाउझेन, एसेन व गेल्सेनकिर्खेन, बोखुम व डॉर्टमुंड ह्यांच्यामध्ये आज विमानातूनही जी हिरवी फट दिसते तिचे मूळ ह्या नोंदवहीत आहे. ह्या संस्थेचे सर्वांत मोठे कार्य म्हणजे जे बांधले गेले नाही ते होय, आणि अशा कार्याचे स्मारक उभारता येत नसल्यामुळे इतिहासात त्याची नोंद कमी होते. रस्त्यांच्या बाबतीत डुइसबुर्गपासून म्यूल्हाइम, एसेन, बोखुममार्गे डॉर्टमुंडपर्यंतचा ‘रूर द्रुतमार्ग’ ही त्याच काळातील कल्पना. तीही प्रथम रेषा राखण्याचेच काम होती. ट्रॅमच्या बाबतीत संघास तितके यश आले नाही. डुइसबुर्ग व डॉर्टमुंड येथील रूळ एका रुंदीचे, एसेन व बोखुम येथील दुसऱ्या, आणि ही भिन्नता आजही टिकून आहे. प्रत्येक नगराची ट्रॅम हा त्याच्या अभिमानाचा आणि उत्पन्नाचा विषय होता. हद्दीवरील पडीक जमिनीइतकी ती सहज सोडता येण्याजोगी नव्हती.

जानेवारी १९२३ मध्ये फ्रेंच आणि बेल्जियन सैन्याने रूर व्यापले, चलनवाढीने वर्गण्या कवडीमोल झाल्या, आणि कामगार-वसाहतींच्या मूळ योजनेतील बराच भाग कागदावरच राहिला. संघाचा जन्म ज्या कारणासाठी झाला ते कारण असे काही वर्षांतच क्षीण झाले, पण संस्था राहिली. हद्दवाढीची भूकही राहिली. १९२८ व १९२९ साली राज्याने रूरमधील नगरांची मोठी फेररचना केली. गेल्सेनकिर्खेन व बुअर, डुइसबुर्ग व हांबोर्न ही नगरे जोडली गेली. एसेन, डॉर्टमुंड, ओबरहाउझेन ह्यांच्या हद्दी वाढल्या. कित्येक ग्रामीण जिल्हे नकाशावरून गेले. सहकार्याचा संघ एका बाजूस आणि विलीनीकरण दुसऱ्या बाजूस, असे दोन्ही उपाय आता एकाच प्रदेशात एकदम चालू होते. ह्यामुळे संघ दुबळा झाला असे म्हणण्याची प्रथा आहे, आणि त्यात तथ्यही आहे, कारण नगरे जितकी मोठी झाली तितके त्यांचे स्वतःचे नगररचना-विभाग समर्थ झाले. पण दुसरी बाजू अशी, की वाटाघाटीस बसणाऱ्यांची संख्या घटल्यामुळे काही करार सोपे झाले.

श्मिट १९३२ साली संचालकपदावरून दूर झाला व १९३४ साली मरण पावला. १९३३ नंतर संघाची लोकनियुक्त सभा नामशेष झाली आणि कारभार वरून नेमलेल्या माणसांकडे गेला. श्मिटचा जुना सहकारी फिलिप रापापोर्ट ह्यास ज्यू वंशाच्या कारणावरून काढून टाकण्यात आले. युद्ध संपताच १९४५ साली हाच रापापोर्ट परत आला, आणि बेचिराख झालेल्या नगरांच्या पुनर्रचनेच्या काळात, १९५१ पर्यंत, संघाचा संचालक राहिला. नव्या नॉर्थ-ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याच्या १९५० च्या कायद्याने संघास आपल्या क्षेत्रापुरते प्रादेशिक नियोजनाचे अधिकृत काम मिळाले. १९६६ चा प्रदेश-विकास आराखडा हे त्याचे शिखर होय. कायद्याने बंधनकारक असा प्रादेशिक आराखडा पश्चिम जर्मनीत प्रथमच झाला. १९५८ पासून कोळशाचे संकट सुरू झालेले होते व खाणी बंद पडू लागल्या होत्या. वसती कोठे दाट करावी, मोकळी जमीन कोठे राखावी, ह्याचे उत्तर ह्या आराखड्याने दिले. ह्याच सुमारास, १९७० पासून, संघ आणि नगरे ह्यांच्या भागीदारीने पाच मोठी जनउद्याने उभी राहिली. त्यांपैकी निनहाउझेनचे उद्यान गेल्सेनकिर्खेन व एसेन ह्यांच्या, आणि फोंडरोर्टचे ओबरहाउझेन व बोट्रोप ह्यांच्या सीमेवर आहे, ही गोष्ट जुन्या नोंदवहीची आठवण करून देते.

मग १९७५ साली, शिखरावर पोचून दहा वर्षेही झाली नाहीत तोच, राज्याने हा नियोजनाचा अधिकार संघाकडून काढून घेतला. तो गेला ड्यूसेलडॉर्फ, आर्न्सबेर्ग आणि म्युन्स्टर ह्या तीन विभागांच्या प्रशासनाकडे. १९१२ मध्ये ज्या सीमेपाशी श्मिटचा आराखडा अडला होता तीच सीमा पुन्हा जिवंत झाली. राज्यभर एकसारखी पद्धत असावी, हे अधिकृत कारण. ते खोटे नव्हते, पण अपुरे होते. ज्या संस्थेच्या क्षेत्रात राज्याचे कोट्यवधी मतदार राहतात ती फार प्रबळ होऊ नये, असे राजधानीस वाटणे स्वाभाविक होते, आणि आपल्या जमिनीवर शेजाऱ्याची नजर नसावी, असे मोठ्या नगरांस वाटणेही तितकेच स्वाभाविक. संघाच्या बचावासाठी नगरे एकमुखाने उठली नाहीत, हे त्यातील अधिक बोलके सत्य होय. १९७९ साली संघाचे रूपांतर ‘रूर नगरसंघा’त झाले आणि त्याच्याकडे राने, उद्याने, कचऱ्याची व्यवस्था, नकाशे व प्रसिद्धी अशी कामे उरली.

नियोजन तीन तुकड्यांत विभागल्याचा परिणाम जमिनीवर दिसू लागला. बंद पडलेल्या कारखान्यांच्या विस्तीर्ण जागा ही आता नव्या प्रकारची ठेव झाली. ओबरहाउझेन नगराने जुन्या पोलाद कारखान्याच्या जागेवर प्रचंड व्यापारी केंद्र उभारण्याचे ठरविले व ते १९९६ मध्ये सुरू झाले. आपल्या पेठा ओस पडतील म्हणून शेजारच्या नगरांनी त्यास विरोध केला. ओबरहाउझेनकडे पाहिले तर पोलादाचा रोजगार गेलेल्या नगराने दुसरे काय करावयाचे होते, असेही विचारता येते. व्यवसाय-कराचे जुने गणित कारखान्यांच्या पश्चातही तसेच चालू होते.

ह्याच काळात दुसरा प्रवाहही वाहत होता. १९८९ ते १९९९ ह्या दशकात राज्याच्या पुढाकाराने ‘एमशेर उद्यान’ नावाचे बांधकाम-प्रदर्शन भरले. कार्ल गांझर हे त्याचे संचालक. १७ नगरांनी त्यात भाग घेतला. त्याचा कणा म्हणजे १९२० नंतरच्या दशकात रुजलेल्या उत्तर-दक्षिण पट्ट्यांची कल्पना. सात पट्टे एमशेरच्या काठाने पूर्व-पश्चिम जोडून एक सलग उद्यान-प्रदेश योजण्यात आला. नियोजनाचा अधिकार नसलेल्या संस्थेने राखलेल्या जमिनीवरच हे सर्व शक्य झाले. खाणकाम उत्तरेकडे सरकून जमीन खचणे थांबल्यामुळे आता भुयारी गटारही शक्य झाले होते. एमशेर सहकारी मंडळाने १९९२ पासून आपल्याच पूर्वजांचे काम उलटविण्यास आरंभ केला, आणि २०२१ च्या अखेरीस नदीत मैलापाणी जाणे पूर्णपणे बंद झाले.

नियोजनाचा अधिकार परत यावा ह्यासाठीचा पहिला प्रयत्न संघाने नव्हे, नगरांनीच केला. बोखुम, एसेन, गेल्सेनकिर्खेन, हॅर्ने, म्यूल्हाइम आणि ओबरहाउझेन ह्या सहा नगरांनी २००५ साली एक नियोजन-समूह स्थापन केला व सर्वांचा मिळून एकच भूमि-उपयोग आराखडा करण्याचे ठरविले. ही सहा नगरे तीन निरनिराळ्या विभागांत आहेत. प्रत्येक बदलास सहाही नगरसभांची मान्यता लागेल अशी ह्या कामाची अट. बाहेरून पाहणाऱ्यास हे अशक्य कोटीतील वाटले असते, तरी ३ मे २०१० रोजी आराखडा अमलात आला. व्यापारी केंद्रावरून ज्या ओबरहाउझेनशी शेजाऱ्यांचा तंटा झाला होता ते नगर ह्या समूहात आहे, हे विसरता कामा नये. मध्यंतरी, २००४ साली, संघाचे नाव ‘रूर प्रादेशिक संघ’ झाले होते, आणि ऑक्टोबर २००९ मध्ये चौतीस वर्षांपूर्वी गेलेला नियोजनाचा अधिकार त्यास परत मिळाला.

अधिकार मिळाल्यापासून आराखडा होईपर्यंत चौदा वर्षे लागली. ११ नगरे, ४ जिल्हे आणि एकूण ५३ स्थानिक संस्था, सुमारे ५१ लाख लोक, आणि उद्योगांसाठी अधिक जमीन खुली करावी म्हणणारे एकीकडे, हरितपट्ट्यांना धक्का लावू नये म्हणणारे दुसरीकडे. मसुदा प्रसिद्ध झाला, हरकतींचा पाऊस पडला, मसुदा बदलला, पुन्हा हरकती मागविल्या गेल्या. दरम्यान २०२० साली संघाच्या सभेची प्रथमच थेट जनतेकडून निवडणूक झाली. मालक आणि कामगार ह्यांच्या समसमान प्रतिनिधित्वाची १९२० ची कल्पना केव्हाच मागे पडली होती, आणि आता नगरसभांच्या मध्यस्थीचीही गरज उरली नाही. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी रूर प्रादेशिक आराखडा अमलात आला. १९६६ नंतर संपूर्ण प्रदेशासाठी एकच असा हा पहिला आराखडा. त्याच दिवसापासून सहा नगरांच्या आराखड्याचा प्रादेशिक भाग त्यात विलीन झाला. भूमि-उपयोगाचा भाग मात्र सहाही नगरांनी आपला संयुक्त आराखडा म्हणून पुढे चालू ठेवला आहे.